जीप उंच केली; स्टिअरिंगचे काय?

रविवारी पहाटे मुळशी, ताम्हिणी किंवा लोणावळ्याच्या वाटेवर एक दृश्य हमखास दिसते. जुनी, कोनाकोनांची जीप. पाठीमागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अशी रंगवलेली अक्षरे. मूळ उंचीपेक्षा वीतभर वर उचललेला सांगाडा आणि त्याखाली जाडजूड, खाचदार टायर. पाहणाऱ्याची नजर त्या उंचीवर खिळते. जरा बारकाईने पाहिले, तर चालकाचे हात मात्र वेगळीच गोष्ट सांगत असतात. रस्ता सरळ असतो, तरी ते हात स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे सावरत असतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच.'

ही समजूत धोक्याची आहे. गाडी भरकटते ती पुष्कळदा वयामुळे नव्हे, तर उंची वाढवताना स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडवल्यामुळे. अशा मालकांना सर्वप्रथम मिळणारा सल्ला म्हणजे 'पॉवर स्टिअरिंग बसवून टाका.' त्याने हातांवरचा भार हलका होतो, हे खरे. पण बिघडलेला कोन तसाच राहतो आणि तो पूर्वी हातांना जाणवत असे, तेवढाही आता जाणवेनासा होतो. म्हणूनच जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे स्टिअरिंग सुधारायचे, तर ताकदीच्या आधी भूमितीचा विचार करावा लागतो.

मूळ रचना कशी होती?

अमेरिकेतील विलीज कंपनीची लष्करी जीप १९४१ मधली. तिच्याच वंशातील सीजे-३बी हे उंच बॉनेटचे नागरी मॉडेल १९५३ मध्ये आले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी व तिच्यावर आधारलेल्या जीप भारतात दीर्घकाळ तयार होत राहिल्या. आज गॅरेजमध्ये उंच केल्या जाणाऱ्या अनेक गाड्या याच घराण्यातल्या आहेत.

विलीजच्या मूळ रचनेत चालकाच्या हातातील हालचाल चाकापर्यंत पोहोचते, ती अनेक टप्प्यांनी. स्टिअरिंगचा दांडा स्टिअरिंग बॉक्स फिरवतो. बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म मागे-पुढे झुलतो. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक चासीच्या कडेने पुढे जाते आणि पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या बेलक्रँकला ढकलते. बेलक्रँक म्हणजे एका खिळीभोवती फिरणारा तरफेचा तुकडा. तो मागे-पुढे होणाऱ्या हालचालीचे रूपांतर डाव्या-उजव्या हालचालीत करतो. त्याच्यापासून निघालेले दोन टाय-रॉड दोन चाकांना वळवतात.

या साखळीतील एक बाब ध्यानात ठेवावी. बेलक्रँक चासीवर आहे आणि चाके ॲक्सलवर. या दोहोंच्या मध्ये आहेत स्प्रिंगचे पाटे, म्हणजे सतत वरखाली होणारा भाग. मूळ उंचीवर टाय-रॉड जवळजवळ आडवे असतात, म्हणून ही विभागणी फारशी जाणवत नाही.

उंचीने काय बिघडते?

घड्याळाचा काटा तीनवर असताना थोडासा सरकला, तर त्याचे टोक जवळजवळ सरळ खाली जाते. तोच काटा चारवर असताना तेवढाच सरकला, तर टोक खाली जाताना आतही ओढले जाते. टाय-रॉडचे नेमके असेच होते. चासी वर उचलली, की बेलक्रँक वर जातो. चाके जमिनीवर असतात तेथेच राहतात आणि आडवा दांडा उतरता होतो.

साध्या गणिताने हा फरक पाहता येईल. ६० सेंटीमीटर लांबीचा दांडा आडवा असताना चाक ५ सेंटीमीटर वर उचलले गेले, तर दांड्याची आडवी लांबी सुमारे २ मिलिमीटरने बदलते. गाडी १० सेंटीमीटर उंच करून तोच दांडा तिरपा केला, तर त्याच ५ सेंटीमीटर उंचवट्यावर हा फरक ६ मिलिमीटर होतो आणि चाक तेवढेच खड्ड्यात उतरले, तर जवळजवळ ११ मिलिमीटर. दांडा जोडलेला आर्म १५ सेंटीमीटरचा धरला, तर चाक आपोआप दोन ते चार अंशांनी वळते. चालकाने स्टिअरिंग हलवलेलेही नसते! सीजे-३बीचा व्हीलबेस अवघा ८० इंचांचा, म्हणजे सुमारे दोन मीटर. एवढ्या आखूड गाडीत चाकाचा थोडासा कलही तत्काळ दिशा बदलतो. घाटात एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला समोरून येणारी एसटी असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा बिघाड कॅस्टरचा. चाक ज्या किंगपिनभोवती वळते, ती वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेली असते. या जीपमध्ये हा कोन साधारण तीन अंशांचा. वळणानंतर चाके आपसूक सरळ होतात, त्यात या कोनाचा मोठा वाटा असतो. या गाड्यांत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. स्वस्तात उंची मिळावी म्हणून तेथे लांब शॅकल लावले, की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर घटतो. गाडी सरळ धावण्याची सवयच विसरते.

तिसरे कारण टायरचे. मोठे, रुंद आणि चासीपासून बाहेर आलेले टायर दगडाचा धक्का अधिक लांबीच्या तरफेने दांड्यांपर्यंत पोहोचवतात. जुन्या सांध्यांतील थोडासा प्लेसुद्धा मग मोठा भासू लागतो.

दुरुस्तीचा क्रम

पहिली पायरी खर्चाची नाही. गाडी सपाट जागी उभी करून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहावा. हालचाल कोठे हरवते, ते डोळ्यांना दिसते. बेलक्रँकची बुश, टाय-रॉडची टोके, किंगपिनची बेअरिंग आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ही नेहमीची ठिकाणे. झिजलेल्या सांध्यांवर नवी यंत्रणा बसवणे म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देण्यासारखे आहे.

दुसरी पायरी टाय-रॉडची. दोन तुकड्यांऐवजी एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा एकच भक्कम टाय-रॉड बसवला, की दोन्ही चाकांचे परस्परांशी असलेले नाते ॲक्सलवरच पक्के होते. चासी कितीही वर गेली, तरी ते बदलत नाही.

तिसरी पायरी ड्रॅग लिंकची. बेलक्रँक काढून टाकून, ड्रॉप आर्म डावी-उजवीकडे झुलेल असा बॉक्स चासीच्या पुढच्या भागात बसवतात आणि तेथून लांब ड्रॅग लिंक पलीकडच्या चाकाकडे नेतात. हिला क्रॉसओव्हर रचना म्हणतात. दांडा जितका लांब आणि आडवा, तितका खड्ड्यांचा परिणाम कमी. ९० सेंटीमीटरच्या आडव्या दांड्यात मघाच्याच ५ सेंटीमीटर उंचवट्याने दीड मिलिमीटरहून कमी फरक पडतो. पाटे ॲक्सलच्या वर घेऊन उंची वाढवली असेल, तर दांडा आडवा राखण्यासाठी चाकाच्या नकलवरचा आर्मही उंच जागी न्यावा लागतो.

पॉवर स्टिअरिंगचा क्रमांक यानंतर. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब बॉक्समधील पिस्टनला ढकलतो. पट्टा तुटला, तर स्टिअरिंग जड होते; पण हात आणि चाक यांच्यातील यांत्रिक जोडणी कायम राहते. केवळ तेलाच्या नळ्यांवर चालणारी, मध्ये दांडाच नसलेली रचना शर्यतीच्या मैदानापुरती ठीक. रस्त्यावर ती नको.

बॉक्सची ही वाढलेली ताकद सहन करते ती चासी. तिचा पातळ पत्रा बोल्टभोवती चिरतो. म्हणून तेथे जाड पट्टी जोडावी आणि बोल्ट पत्रा चेपणार नाहीत, यासाठी चासीच्या पोकळीत नळीचे तुकडे घालावेत. स्टिअरिंगचे आर्म, ड्रॉप आर्म किंवा सांध्यांची टोके मात्र कधीही वेल्डिंगने जोडू वा लांबवू नयेत. उष्णतेने या घडीव भागांचे बळ बदलते आणि तडा बाहेरून दिसत नाही. प्रत्येक सांध्याच्या नटमध्ये कॉटर पिन आहे, याची खात्री मालकाने स्वतः करावी. शेवटी घटलेला कॅस्टर पाट्याखाली पाचरीसारख्या पट्ट्या घालून सुधारावा आणि अलाइनमेंट तपासून घ्यावी.

दोन फसवे उपाय

बाजारात दोन सोपे उपाय सुचवले जातात. पहिला, खाली वाकवलेला लांब ड्रॉप आर्म. थोड्या उंचीसाठी तो ड्रॅग लिंकचा उतार कमी करतो. परंतु बॉक्सच्या शाफ्टवरचा पीळ वाढवतो. दुसरा, स्टिअरिंग डॅम्पर. सुस्थितीतील यंत्रणेला तो मदत करतो. मात्र चाके थरथरत असताना तो लावला, तर थरथर दबते आणि झिजलेला सांधा झिजतच राहतो. तापावर गोळी घेऊन आजार अंगावर काढावा, तसाच हा प्रकार.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील, असे बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलांसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तरच. जुनी जीप उंच करण्यापूर्वी तिचे मूळ रूप जपायचे, की तिला डोंगरवाटांसाठी बदलायचे, हा निर्णय घ्यावा लागतो. बदलायचे ठरले, तर परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे आधी लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

जुन्या जीपवरचे प्रेम समजण्यासारखे आहे. तथापि, ती ज्या रस्त्यावरून डोंगराकडे जाते, त्याच रस्त्याने शाळेची बस आणि दुचाकीवरचे कुटुंबही जात असते. टायर आणि लिफ्ट किटसाठी खर्चाचा अंदाज मागताना मिस्त्रीला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, 'उंची वाढल्यावर ड्रॅग लिंक आणि टाय-रॉड कोणत्या कोनात राहतील?' त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत जीप मूळ उंचीवरच राहिलेली बरी.