ओंडक्यांची साक्ष

२००४ साली केंटकीतल्या हॉजनव्हिलजवळच्या स्मारकात संशोधकांनी जुन्या ओंडक्यांचे नमुने घेतले, तेव्हा जवळजवळ शंभर वर्षांची श्रद्धा पणाला लागली होती. ५६ वर्षं जगलेल्या अब्राहम लिंकनसाठी ५६ पायऱ्या, वर ग्रॅनाइटचं मंदिर आणि आत एका खोलीची झोपडी. हेच त्यांचं जन्मघर, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं.

लिंकन कुटुंब रान तोडून वस्ती करणाऱ्यांपैकी. आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत आले आणि शेतातच मारले गेले. वडील थॉमस यांनी १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंग या झऱ्याजवळ शेत घेतलं. १२ फेब्रुवारी १८०९ ला तिथे अब्राहमचा जन्म झाला. पुढे जमिनीच्या मालकीचा वाद उभा राहिला आणि अब्राहम लहान असतानाच कुटुंब तिथून हललं. गरीब शेतकऱ्याच्या रिकाम्या घराची नोंद कोण ठेवणार?

१८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड डेनेट या व्यावसायिकाने ते शेत विकत घेतलं. शेजारच्या शेतावरचं एक जुनं घर तिथे आणून उभं केलं गेलं. त्यात लिंकनच्या घराचे मूळ ओंडके आहेत, असं सांगण्यात आलं. मग ते सुटं करून १८९७ ला नॅशव्हिलच्या आणि १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. सोबत गृहयुद्धात लिंकनविरुद्ध उभ्या राहिलेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचं म्हणून दाखवलेलं आणखी एक घर होतं, आणि दोन्हींचे ओंडके एकमेकांत मिसळले. गुलामगिरी संपवणारा आणि ती राखायला लढणारा, दोघांची घरं एकाच ढिगात! १९११ मध्ये स्मारक पूर्ण झालं. आत माणसांना फिरता यावं म्हणून झोपडीच कापून लहान केली होती. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे.

१९४८ मध्ये रॉय हेज यांनी घराच्या अस्सलपणाला जाहीर आव्हान दिलं. निकाल मात्र २००४ च्या नमुन्यांतल्या लाकडानेच दिला. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय भरतं. पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम त्या प्रदेशातल्या ज्ञात क्रमाशी जुळवला की लाकडाचं वय कळतं. सर्वांत जुना ओंडका निघाला १८४८ चा. त्या वर्षी लिंकन ३९ वर्षांचे होते आणि वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये बसत होते!

आता स्मारक सांभाळणारा राष्ट्रीय उद्यान विभाग या झोपडीला ‘प्रतीकात्मक जन्मघर’ म्हणतो, आणि तेच योग्य आहे. लिंकन कुटुंबाच्या काळचा झरा मात्र त्या जागी आजही आहे.