बिअरगार्टन

बिअरगार्टन हा जर्मनीतील बव्हेरिया राज्यात उदयास आलेला, झाडांच्या सावलीतील खुल्या मद्यगृहाचा प्रकार आहे. १५३९ च्या नियमानुसार तेथे २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बिअर तयार करता येत असे. उन्हाळ्यासाठीचा साठा थंड राहावा म्हणून म्युनिकच्या उत्पादकांनी तळघरे खोदली व त्यांवर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. तेथेच विक्री होऊ लागल्याने शहरातील मद्यगृहांच्या व्यवसायास धक्का बसला. तेव्हा ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियान याने तळघरांजवळ बिअर विकण्यास परवानगी दिली, मात्र पावाखेरीज अन्य खाद्यपदार्थ विकण्यास मनाई केली. परिणामी ग्राहक घरूनच शिदोरी आणू लागले. ही मनाई पुढे उठली, परंतु प्रथा टिकली. बव्हेरियाच्या १९९९ च्या नियमावलीत तिला बिअरगार्टनचे वैशिष्ट्य मानले आहे.