शिवोलीचे रेमो फर्नांडिस: आपले गाणे आपल्या नावाने

घरातील एखाद्या मुलाचा गळा गोड आहे, त्याचा हात आपोआप गिटारीकडे वळतो, असे ध्यानात आले म्हणजे आईबापांच्या मनात आनंदाबरोबर धास्तीही शिरते. गाण्याने पोट भरते काय, हा प्रश्न पेडणे व डिचोली या आपल्या तालुक्यांतील घराघरांतून विचारला जातो आणि तो अनाठायी आहे असे कोणी म्हणू नये. ज्यांना दोन वेळची पेज घाम गाळून मिळते, त्यांनी मुलाच्या भवितव्याची चिंता वाहणे हे त्यांचे कर्तव्यच होय. तथापि या प्रश्नाचा विचार करताना, नदीपलीकडील एका शेजाऱ्याच्या आयुष्याकडे दृष्टी टाकणे उपयोगाचे ठरेल. चोपडेच्या धक्क्यावर उभे राहिले की शापोरा नदीच्या पैलतीरी जे गाव दिसते ते शिवोली, आणि पॉप गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस यांचे हेच मूळ गाव. दूरचित्रवाणीमुळे त्यांचा चेहरा देशभर घरोघरी पोहोचला.

त्यांच्या कार्याचे महत्त्व नीट कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. गोव्याच्या जुन्या काबिजादीत इगर्जेला लागून संगीताची शाळा असे. तेथे ‘मेस्त’ गावच्या पोरांना सूरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. आपले पेडणे व डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या अमलाखाली आले, म्हणून ती परंपरा बार्देश व साष्टी येथे जितकी खोल रुजली तितकी आपल्याकडे रुजली नाही. या शाळांतून शिकलेले शेकडो गोवेकर पोटासाठी मुंबईस गेले. हॉटेलांतील वाद्यवृंद, नाचाचे कार्यक्रम आणि पुढे हिंदी चित्रपटांचे संगीत या लोकांच्या वाजविण्यावर उभे राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे.

माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदातून वाजविण्याचा मोठा प्रयत्न १९५८ साली मुंबईत केला. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. त्यांनी ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटात एका गाण्यातून गुरूचे नाव अजरामर केले. परंतु ज्यांनी ते गाणे गुणगुणले त्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते की या नावाचा एक खराखुरा माणूस आहे? गाणे दुसऱ्याचे, चित्रपट दुसऱ्याचा, फलकावरील नाव दुसऱ्याचे, आणि कष्ट मात्र गोवेकराचे, अशी ही स्थिती होती. कोकणी गीतांच्या जगात ख्रिस पेरी, लॉर्ना, आल्फ्रेड रोझ यांना उदंड लोकप्रियता लाभली हे खरे. पण गोव्याच्या आणि कोकणी माणसांच्या वर्तुळाबाहेर ती फारशी गेली नाही. स्वतः लिहिलेले, स्वतः गायिलेले गाणे स्वतःच्या नावाने साऱ्या देशापुढे मांडणे, ही गोष्ट रेमो यांनी करून दाखविली.

त्यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी झाला. ते सात वर्षांचे असताना लंडनहून परतलेल्या एका नातलगाने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही ध्वनिमुद्रिका आणली आणि त्या तालाने मुलाला जणू वेड लावले. पुढे एल्व्हिस प्रेस्ली, बीटल्स, तसेच लखनौ येथे १९४० साली जन्मून इंग्लंडमध्ये कीर्तीस चढलेले क्लिफ रिचर्ड, यांची गाणी त्यांनी आवडीने ऐकली. त्याच वेळी घरात पोर्तुगीज गीते होती, गावात मांडो आणि दुलपद होते, नाताळानंतर हिंदू व ख्रिस्ती शेजारी एकत्र येऊन साजरा करतात तो शिवोलीचा जागर होता, आणि २४ जूनच्या सांजावाला फुलापानांनी सजविलेल्या होड्या घेऊन येणाऱ्या तरुणांची गाणी होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. एकाच बालपणात इतके निरनिराळे सूर कानी पडणे हे भाग्यच, परंतु ते भाग्य आपल्या गोव्यातील पुष्कळ मुलांना लाभते. त्याचा उपयोग कोण करून घेतो, हाच काय तो प्रश्न.

शाळेत असतानाच मित्रांसह त्यांनी वाद्यवृंद काढला. शिक्षण मात्र सोडले नाही, ही गोष्ट आईबापांनी विशेष लक्षात घ्यावी. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचा अभ्यास केला आणि तो करता करता ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळी नावाजलेल्या वाद्यवृंदातही गायिले. १९७७ ते १९८० या काळात मिळेल त्या वाहनाने प्रवास करीत त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिका पालथी घातली. जगाचे संगीत त्यांनी जवळून ऐकले आणि मग ते परतले ते आपल्या गावी.

येथून त्यांची खरी कसोटी सुरू झाली. आपली इंग्रजी गीते घेऊन ते मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे गेले, पण त्यांना नकार मिळाला. भारतीय माणसाने स्वतः रचलेली इंग्रजी गाणी विकत घेणार कोण, अशी त्या व्यवसायातील समजूत होती. परदेशी गायकांची नक्कल करणारे हवे होते, अथवा हिंदीत गाणारे हवे होते. येथे अनेकांनी हाय खाल्ली असती. रेमो यांनी शिवोलीच्या आपल्या घरातच ध्वनिमुद्रण करावयाचे ठरविले.

त्यांच्याजवळ होते ते एका फितीवर चार आवाज वेगवेगळे टिपणारे लहानसे यंत्र. त्याची रीत अशी, की प्रथम एका पट्टीवर गिटार वाजवून घ्यावयाची. मग ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर ताल द्यावयाचा. तिसरीवर बासरी अथवा अन्य वाद्य. आणि शेवटी कंठ. एक सूर चुकला तर ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून. अशा रीतीने एकटा मनुष्य चार वादकांचे काम करू शकतो, मात्र त्यास चौपट चिकाटी लागते. गीते त्यांची, चाली त्यांच्या, वाद्ये त्यांनी वाजविलेली, वेष्टनावरील चित्रही त्यांनीच रेखाटलेले. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत या प्रकारे तयार झाली आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर घालून ते ती स्वतः दुकानोदुकानी देत फिरले. वास्तुशास्त्र शिकलेला मनुष्य दारोदार फिती विकीत हिंडतो, याची त्यांनी लाज धरली नाही.

दुसऱ्या वर्षी, १९८५ साली, त्यांनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ही फीत काढली. तीत गोव्याची जुनी, पारंपरिक गाणी नव्या वाद्यमेळात बसविली होती. आजीच्या तोंडची गाणी ज्यांना जुनाट वाटत होती, त्या तरुणांनी ती फीत आनंदाने लावली. त्याच सुमारास श्याम बेनेगल यांनी १९६१ च्या गोव्यावर ‘त्रिकाल’ हा चित्रपट काढला व त्यातही रेमो यांचे गाणे झळकले. ज्या मुंबईने दार लावले होते त्याच मुंबईने आता त्यांना बोलाविले.

१९८६ सालच्या ‘पॅक दॅट स्मॅक’ या ध्वनिफितीचा विषय आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबांना फार जवळचा आहे. स्मॅक म्हणजे ज्याला आपण ‘गर्द’ म्हणतो ते विष. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांचे तांडे उतरू लागले तेव्हा रेमो त्यांच्यात वावरले, त्यांच्याबरोबर गायिले आणि गर्दाने उमद्या तरुणांची काय दशा होते तेही त्यांनी पाहिले. ज्या तालावर तरुण नाचत होते त्याच तालावर त्यांनी तरुणांना सांगितले की हे विष फेकून द्या. पुढे १९८७ साली आलेल्या ‘जलवा’ या अमली पदार्थांविरुद्धच्या चित्रपटाचे शीर्षकगीतही त्यांनी गायिले. हरमल, मोरजी, आश्वे या पेडण्याच्या किनाऱ्यांवर रात्री-अपरात्री संगीत वाजते तेव्हा त्याच्या आडोशाने कोणते व्यापार चालतात, हे वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. नाचगाणे आहे तेथे गर्द असणारच, असे जे कोणी तरुणांना पटवू पाहतात त्यांना रेमो यांचे हे गाणे म्हणजे चोख उत्तर होय.

हे सर्व ज्या काळात घडले तो दूरदर्शनचा काळ होता. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, आणि बहुतेक ठिकाणी एकच वाहिनी दिसत असल्याने जो त्या पडद्यावर आला तो एका रात्रीत देशभर ओळखीचा झाला. रेमो यांचे तसेच झाले. १९८६ साली पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात त्यांनी भारतातर्फे गाऊन पारितोषिके मिळविली. १९९० साली पेप्सी हे पेय भारतात आले तेव्हा त्याच्या पहिल्या जाहिरातीत अभिनेत्री जुही चावला यांच्याबरोबर रेमो दिसले. ज्या गाण्याला गिऱ्हाईक नाही असे सांगितले गेले होते, त्याच गायकाच्या आवाजावर आता मोठमोठ्या कंपन्या आपला माल विकू लागल्या.

कीर्ती वाढली की माणसाची जीभ मऊ होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता रेमो यांनी त्यांच्यापुढे त्यांनाच उद्देशून एक गीत गायिले आणि त्यात नुसते स्वागत न करता गोव्याच्या उणिवांकडेही त्यांचे लक्ष वेधले. हा अपमान झाला, अशी ओरड काहींनी केली. परंतु ज्यांना उद्देशून ते गीत होते त्या पंतप्रधानांनी स्वतः पत्र लिहून ते आवडल्याचे कळविले. नम्रपणे पण स्पष्ट बोललेले सत्य मोठ्या मनाचा माणूस गोड मानून घेतो, याचा हा चांगला दाखला आहे.

त्यानंतर चित्रपटांची दारे पूर्ण उघडली. मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’ या १९९५ च्या चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ हे ए. आर. रहमान यांच्या संगीतातील हिंदी गीत त्यांच्या आवाजात घराघरांत पोहोचले. १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’ चे शीर्षकगीत त्यांनी जसपिंदर नरुला यांच्याबरोबर गायिले आणि त्याच वर्षी ‘ओ मेरी मुन्नी’ हा त्यांचा हिंदी गीतांचा संग्रह आला. २००७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २०२१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज, फ्रेंच अशा अनेक भाषांत त्यांनी गायिले.

आता आपल्या तालुक्यांचा विचार करू. संगीत नदीच्या पलीकडेच पिकते असे मुळीच नाही. मालपे गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली आणि कुमार गंधर्वांसारख्या थोर गायकाने त्यांच्याकडे शिक्षण घेतले. आपल्या गावांत भजन आहे, घुमट आहे, इगर्जेत गायकवृंद आहे. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांचे शिक्षण मिळण्याची सोय आहे. चार पट्ट्यांचे यंत्र मिळविण्यास रेमो यांना जो खटाटोप करावा लागला, त्याहून पुष्कळ अधिक पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करण्याची सोय आज मुलांच्या खिशातील फोनमध्ये आहे.

साधने वाढली, पण मोह त्याहून अधिक वाढला. आज मुले दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवून घटकाभराची वाहवा मिळवितात आणि त्यालाच कला समजतात. रेमो यांना तरुणपणी नेमके हेच करावयास सांगितले होते: दुसऱ्याची नक्कल करा, म्हणजे पैसा मिळेल. त्यांनी ते नाकारले म्हणूनच आज त्यांचे नाव आपण घेतो.

तेव्हा आईबापांनी काय करावे? मुलाचे शालेय शिक्षण मध्येच तोडू नये, आणि शिक्षणाच्या नावाखाली त्याचे गाणेही दडपू नये. ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ज्या गाण्यांनी भरली तशी गाणी आपल्याही घरातील वृद्धांना ठाऊक आहेत. ती त्यांच्याकडून मुलांना शिकवावी, कारण ती माणसे गेल्यावर कोणतेही यंत्र ती परत आणून देणार नाही. मुलगा स्वतः दोन ओळी रचू लागला तर हसू नये. त्याला चांगला गुरू पाहून द्यावा आणि रोज तासभर रियाज होतो की नाही यावर लक्ष ठेवावे. प्रत्येक मुलाला रेमोसारखी कीर्ती मिळणार नाही, हे उघड आहे. बहुतेकांना मिळत नाही. परंतु ज्याने एक वाद्य मन लावून शिकले, जो चार जणांबरोबर सूर जुळवून गातो, आणि जो आपले गाणे लाजेविना आपले म्हणतो, तो मुलगा पुढे शेतकरी होवो, खाणीवर वा मोपाच्या विमानतळावर नोकरीस लागो, त्याचे घर रिकामे राहणार नाही.