न दाखवण्याची चित्रे

या स्मरणिकेची पाने चाळताना अनेकांना एक उणीव जाणवेल. निवासी शाळांच्या स्मरणिकांत मुलांच्या चित्रांची दोन-चार रंगीत पाने असतात. येथे ती नाहीत. मुले रंगवत नाहीत असे मात्र नव्हे. दर शनिवारी दुपारी ती दीड तास रंगवतात आणि मनसोक्त रंगवतात. ती चित्रे छापायची नाहीत, फळ्यावर लावायची नाहीत, पाहुण्यांपुढे मांडायची नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. पालकसभेत याविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हा खुलासा.

मुलाच्या हाती कोरा कागद देऊन ‘चित्र काढ’ म्हटले, की काय उमटते हे आपण सारेच जाणतो. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, खाली उतरणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. ज्याने नारळाचे झाड कधी पाहिलेले नाही, ज्याच्या गावची नदी उन्हाळ्याआधीच आटते, ते मूलही हेच काढते. हे चित्र त्याचे नसते. मोठी माणसे त्याला ‘छान’ म्हणतात, म्हणून ते काढले जाते. कागदावर पहिली रेघ पडण्याआधीच पाहणारा माणूस मुलाच्या मनात येऊन बसलेला असतो.

या पाहणाऱ्याला खोलीबाहेर ठेवले तर काय घडते, याचा शोध आर्नो स्टर्न यांनी आयुष्यभर घेतला. त्यांचा जन्म १९२४ साली जर्मनीतील कासेल येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलर सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, या कुटुंबाला देश सोडून फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. महायुद्ध संपल्यानंतर १९४६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अनाथगृहात मुलांना कशात तरी गुंतवून ठेवण्याचे काम त्यांना मिळाले. ही युद्धाने पोरकी केलेली मुले होती. स्टर्न यांनी त्यांच्यापुढे रंग आणि कागद ठेवले. त्यातूनच पुढे पॅरिसमध्ये त्यांची खोली उभी राहिली. तिला त्यांनी ‘क्लोल्यो’ म्हणजे बंदिस्त जागा असे नाव दिले.

त्या खोलीची रचना समजून घेण्यासारखी आहे. चारही भिंतींवर कागद टाचण्यांनी लावलेले. मधोमध एक अरुंद मेज, त्यावर अठरा रंग आणि प्रत्येक रंगाचे स्वतःचे ब्रश. रंगवणाऱ्याने मेजापाशी यावे, रंग घ्यावा, परत आपल्या कागदापाशी जावे. खोलीतला मोठा माणूस काहीच शिकवत नाही. तो रंग तयार ठेवतो, ब्रशच्या वाटेत येणारी टाचणी काढून बाजूला लावतो, चित्र कागदाच्या कडेला पोहोचले तर शेजारी दुसरा कागद जोडून देतो. ‘सुंदर’ असे कोणी म्हणत नाही, ‘हे काय आहे?’ असेही कोणी विचारत नाही. चित्र घरी जात नाही, प्रदर्शनातही जात नाही. अशा जागी जगातील कोणाच्याही हातून तेच काही मूळ आकार उमटतात, असा स्टर्न यांचा सिद्धान्त होता आणि तो पडताळण्यासाठी ते दूरदूरच्या देशांत फिरले. हा सिद्धान्त आम्हाला पूर्णपणे पटलेला नाही. त्यांच्या खोलीची शिस्त मात्र पटली.

ती पटण्याचे कारण आपल्या वसतिगृहातच आहे. निवासी शाळेतील मुलाला स्वतःचा असा कोपरा नसतो. झोपायचे रांगेत, जेवायचे पंगतीत, पेटी सर्वांच्या देखत उघडायची, फोनवर बोलायचे तेही मागे दहाजण उभे असताना. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने परतत नाहीत, अशी मुले आपल्याकडे आहेत. त्यांनी काय वाटून घ्यावे हेही आपण त्यांना सांगत असतो: शूर हो, शीक, मोठा हो. हे सांगणे चुकीचे नाही. पण ज्याला कोणी तपासणार नाही, गुण देणार नाही, असा एक कागद तरी त्याच्या वाट्याला यावा, असे आम्हाला वाटते.

आमच्याकडे अठरा रंग नाहीत, सहा आहेत. दोन गेरू आणि नीळ कालवून आम्हीच वाढवतो. पेन्सिल आणि खोडरबर बाहेर राहतात. विषय दिला जात नाही. पहिले काही शनिवार डोंगर-सूर्यच येतात. मग ते संपतात आणि ‘सर, आता काय काढू?’ हा प्रश्न सुरू होतो. हा काळ मुलांना जड जातो आणि शिक्षकांना त्याहून जड, कारण उत्तर जिभेवर तयार असते. कोणी सगळे रंग एकत्र करून चिखल करते, कोणी कागद फाडते. त्यानंतर कधीतरी हात स्वतःहून चालू लागतो. एखादे मूल तेच घर आठ-आठ शनिवार काढते, आणि मग एके दिवशी त्याला दार काढते.

त्या दाराचा अर्थ आम्ही लावत नाही. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असले ठोकताळे सांगणारी पुस्तके बाजारात भरपूर आहेत. त्यांवर आमचा विश्वास नाही. हा तास म्हणजे उपचारही नव्हे. रंगवता रंगवता मूल स्वतःहून काही सांगू लागले तर ऐकायला माणूस हजर असतो, आणि त्याला कोणी त्रास देत असल्याचे कळले तर गोष्ट चित्रापाशी थांबत नाही, गृहपालांपर्यंत आणि पुढे जिथे जायला हवी तिथे जाते.

मोठ्यांनाही ही वाट मोकळी आहे. मॅरियन मिल्नर या इंग्रज मनोविश्लेषक बाईंनी स्वतःवरच हा प्रयोग करून १९५० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. शांत निसर्गदृश्य काढायचे म्हणून त्या बसल्या आणि कागदावर उतरले ते पेटलेले माळरान. आपल्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते, या समजुतीलाच त्यामुळे धक्का बसला. रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रकला तर खोडलेल्या ओळींतून जन्मली. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’ च्या हस्तलिखितात ते काट मारलेले शब्द एकमेकांना जोडत गेले आणि त्यांतून विचित्र प्राणी, चेहरे उमटू लागले. आकार आधी आला, ओळख नंतर. वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या या कवीने पुढे दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. त्यांपैकी बहुतेकांना त्यांनी नावे दिली नाहीत. त्यांची चित्रे १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाली, हे खरे. पण हस्तलिखितात खाडाखोड करताना समोर प्रेक्षक नव्हता.

सकाळच्या वंदनेनंतर मुले आनापानाला बसतात तेव्हा श्वास जसा आहे तसा पाहा, तो बदलू नका, असे आपण सांगतो. शनिवारचा तास ध्यान नव्हे, तिथे बराच गोंगाट असतो. पण जे आले ते आधी पाहावे, चांगले-वाईट ठरवण्याची घाई करू नये, एवढे साम्य मुलांच्या लक्षात आपोआप येते.

काही पालकांना चिंता आहे की अशाने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे नुकसान होईल. तसे होणार नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे तास पूर्वीप्रमाणेच आठवड्यात चालू आहेत, आणि तिथे रेघ चुकली तर ती चुकली असे स्पष्ट सांगितले जाते. या परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचे मोल आमच्या मुलांइतके क्वचितच कोणाला कळत असेल. कौशल्य शिकवावेच लागते. शनिवारी फक्त ते मागितले जात नाही.

प्रत्येकाचे कागद नाव आणि तारीख घालून कपाटात ठेवले जातात. शाळा सोडताना तो गठ्ठा मुलाच्या हाती दिला जातो; तो जपायचा, कोणाला दाखवायचा की चुलीत घालायचा, हे त्याचे त्याने ठरवावे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आपले गठ्ठे नेलेले नाहीत, त्यांनी येऊन घेऊन जावेत. आम्ही ते उघडलेले नाहीत.