ताटातला कोळसा

संक्रांतीआधी चुलतभावाचा फोन आला. "यंदा ज्वारी नाही, ऊस लावलाय." भिलाईतल्या खुर्सीपारच्या घरात मी फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मंगळवेढ्याच्या आमच्या काळ्या रानात ज्वारी नाही, असं वर्ष मी पाहिलेलं नाही.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ ला पेटली, पुढच्याच वर्षी वडील इथे कोक ओव्हनवर लागले. त्यानंतरची वर्षं सारखीच गेली: पाळी, पगार, शेजारपाजारी भात आणि आमच्याकडे गावाहून येणारं मालदांडी ज्वारीचं पोतं. १९८० नंतरची दहा वर्षं मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दर काढणीला मी गावी असायचो.

रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. पोटरीपर्यंत पीक डोळे निववतं. दाणा भरताना ओल तुटली, रान भेगाळलं, की मातीतली मॅक्रोफोमिना ही बुरशी मुळांतून वर चढते. गावात या रोगाला खडखड्या म्हणतात. १९८६-८७ च्या हंगामात मी उपटायला ताट धरलं आणि ते बुडातच मोडलं. आत गाभा नव्हता. सुटे धागे होते, त्यांवर काळी बारीक भुकटी. ड्यूटीवरून आलेल्या वडिलांच्या नखांत असायची, अगदी तशी. कणसं हलकी, कडबा आडवा.

त्या वर्षी खताच्या दुकानदारानं सांगितलं होतं, दाट पेरा, युरिया वाढवा. आम्ही ऐकलं. माजलेल्या पिकानं ओल आधीच ओढून घेतली. नंतर तोच म्हणाला, "जुनं बियाणं, दुसरं काय होणार!" मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ वर त्यानं ढकललेला तो दोष मला आजही सहन होत नाही. आजोबा विरळ पेरायचे, तीनदा कोळपायचे. शेवटच्या कोळपणीनं भेगा बुजायच्या. राहुरीचं कृषी विद्यापीठही कोळपायलाच सांगतं, जमलं तर पोटरीत एक पाणी द्यायला सांगतं. हलक्या रानासाठी फुले अनुराधा, भारीसाठी फुले वसुधा त्यांनीच दिली.

२०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी इथल्या गल्लीत पेढे वाटले होते.

परवा भावाला विचारलं, उसाला पाणी कुठून आणलंस? म्हणाला, "बोअर मारलं. आठ-दहा दिवसाला पाळी देतो."

ज्वारीला एकच पाळी पुरली असती.