पाठीवर ओझे, मनगटावर उंची

अमेरिकी पायदळातला ‘एक्स्पर्ट इन्फंट्रीमन बॅज’ मिळवायचा तर पाठीवर सुमारे १६ किलोंची सॅक घेऊन १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर, ३ तासांत चालून दाखवावे लागते. ही सैनिकी सवय तिथल्या सामान्य माणसांनी व्यायाम म्हणून उचलली आणि रकसॅकवरून तिला ‘रकिंग’ असे नाव पडले. आपल्याकडे नाव नवे, प्रकार जुनाच. हिमालयातल्या मोहिमेआधी पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन सिंहगड चढणारे पुण्यात कितीतरी वर्षे दिसतात. आता त्यांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळेही दिसू लागली आहेत. घड्याळ विकताना मात्र जोर असतो तो त्याच्या दणकटपणावर: काच फुटत नाही, पाणी शिरत नाही, वरून पडले तरी चालते. ओझे घेऊन चालणाऱ्याने दणकटपणाचा प्रश्न शेवटी विचारावा, असे मला वाटते. त्याचा पहिला प्रश्न हवा, की हे घड्याळ चढ किती नीट मोजते.

याचे कारण १९७७ सालच्या एका सूत्रात सापडते. पँडॉल्फ, गिव्होनी आणि गोल्डमन या संशोधकांनी ओझे वाहताना शरीराला किती ऊर्जा लागते याचे गणित मांडले. त्यात पाच गोष्टी येतात: माणसाचे वजन, ओझे, वेग, चढ आणि पायाखालची जमीन. ७० किलो वजनाचा माणूस सपाट डांबरी रस्त्यावर ताशी साडेचार किलोमीटरने रिकाम्या पाठीने चालला, तर या सूत्राप्रमाणे त्याला सुमारे २७० वॅट लागतात. पाठीवर २० किलो चढवले की आकडा ३३० च्या आसपास जातो. आता ओझे आणि वेग तेच ठेवून दर १०० मीटरला १० मीटर चढ द्या. गणित एकदम ७२० च्या पुढे उडी मारते. ओझ्याने पाऊणशेही वॅट वाढले नाहीत, चढाने दुपटीहून अधिक वाढवले. जमिनीचा वाटाही मोठा आहे. डांबरी रस्ता १ धरला तर मऊ वाळूसाठी सूत्रात २.१ हा गुणक येतो. काही नव्या घड्याळांत सॅकचे वजन भरण्याची सोय असते आणि ती चांगलीच आहे. पण पायाखाली कातळ आहे की कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू, हे तुम्ही भरलेल्या त्या वजनावरून घड्याळाला कळत नाही. उतारावर तर हे सूत्रच डळमळते, आणि गुडघ्यांना खरा मार तिथेच बसतो. म्हणून घड्याळावरच्या कॅलरींच्या आकड्यावर कुणी आपले जेवण किंवा विश्रांती ठरवू नये. चढ-उताराचे मीटर आणि लागलेला वेळ हे आकडे जास्त भरवशाचे, आणि दर आठवड्याला सराव किती वाढवायचा हे त्यांवरून ठरवता येते.

चढ मोजणे मात्र जीपीएसला जड जाते. सगळे उपग्रह आपल्या वर असतात, खालच्या बाजूला पृथ्वी आड येते. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे मोठी असते. यावरचा उपाय म्हणजे हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर. सह्याद्रीच्या उंचीवर दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की आपण साधारण आठ-नऊ मीटर वर आलो, असा त्याचा हिशेब. दहा-वीस मीटरांचे लहान चढ तो नेमके टिपतो. त्याचा स्वभाव मात्र माहीत हवा. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा असू शकतो. म्हणजे तंबूत नुसते बसून राहिले तरी घड्याळात तंबू वीस-पंचवीस मीटर वर सरकल्यासारखा दिसेल! पावसाळ्यात तर विचारायलाच नको. त्यामुळे ज्या घड्याळात उंची हाताने जुळवता येते तेच घ्यावे, आणि कळसूबाईच्या १६४६ मीटरांसारखी खात्रीची उंची पायाखाली आली की ती लगेच जुळवावी.

अंतराचे दुखणे वेगळे. ओझे घेऊन चालणारा हळू चालतो, आणि हळू चालीत जीपीएसच्या नोंदी जागच्या जागी डुलतात. त्या जोडत गेले की सरळ वाटही नागमोडी होते. मोजमापातल्या अशा चुकांमुळे जीपीएसचे अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा जास्त का भरते, हे पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली गणिताने दाखवले. उलट, बॅटरी वाचवण्यासाठी मिनिटा-मिनिटाने नोंद घेणारी पद्धत निवडली तर घाटवाटेची वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते. सांधण दरीसारख्या अरुंद घळीत उपग्रहाची लहर कातळावर आपटून उशिरा पोचते आणि घड्याळाला फसवते. उपग्रहांच्या एल-१ लहरीच्या जोडीला एल-५ लहरही पकडणारी घड्याळे अशा जागी निश्चित उजवी ठरतात, पण बॅटरी जास्त खातात. डोंगरधारेवरच्या उघड्या वाटेला ती चैन नको. आकाश दिसते तिथे साधी पद्धत आणि घळीत दुहेरी, अशी अदलाबदल चालताना करता यावी.

मग दणकटपणा निरुपयोगी का? तसे नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधली खनिजे कठीणपणाच्या मोहस मापावर सहाच्या आसपास, घड्याळाची साधी काच त्याहून थोडी मऊ, तर नीलमणी काच नऊ. कातळाला हात घासत चढणाऱ्याची साधी काच ओरखडणारच. पण नीलमणी ओरखड्याला कठीण असली तरी जोराच्या आघाताने तडकू शकते, म्हणून काचेपेक्षा थोडी वर आलेली कड महत्त्वाची. ‘मिलिटरी स्टँडर्ड ८१०’ या शिक्क्याला मात्र भुलू नये. ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणीपद्धतींची संहिता आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, आणि सैन्याने ते घड्याळ तपासले असा त्याचा अर्थ होत नाही.

फोनमध्ये हे सगळे असताना घड्याळ कशाला, हा आक्षेप रास्त आहे. नकाशा पाहायला फोनच बरा, आणि अनेक फोनांत बॅरोमीटरही असतो. पण भरली सॅक पाठीवर असताना, पावसात, हातात काठ्या धरून तो दर वेळी बाहेर काढणे होत नाही. वाट चुकते ती अशाच आळसाच्या क्षणी. दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: डोंगरातली माणसे घड्याळाविना पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहतात. खरे आहे. त्यांचा अंदाज रोजच्या वाहण्यातून आलेला असतो. शनिवार-रविवारीच सॅक उचलणाऱ्याकडे तो अंदाज नसतो, आणि उत्साहात तो ओझे आणि चढ एकाच आठवड्यात वाढवतो. नाडी मोजण्याच्या बाबतीत मात्र आक्षेपकांचे मला पटते. काठी आवळून धरलेल्या, घामाने ओल्या मनगटावर प्रकाशाने नाडी मोजणारा सेन्सर कधी पावलांची लयच नाडी समजतो. नाडीवरच सराव करायचा असेल तर छातीचा पट्टा घ्यावा.

एक सावधगिरी. उपग्रहाकडून लहरी नुसत्या घेणारे घड्याळ वापरायला भारतात अडचण नाही. पण उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. परदेशातून नातेवाइकांकरवी घड्याळ मागवताना ही सोय त्यात आहे का, हे तपासून घ्यावे. आणि दुकानात जाताना भरलेली सॅक सोबत न्यावी. ती पाठीवर चढवताना घड्याळ पट्ट्यात अडकते का, काठी धरल्यावर मनगट वाकून बटण आपोआप दाबले जाते का, ओल्या बोटांनी न बघता उंचीच्या पानावर जाता येते का, हे तिथेच करून पाहावे.