जखमेवरची जाळी आणि अम्मीचा प्रश्न

मधुमेहामुळे पायाला झालेली जखम दोन-दोन महिने भरत नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता कोलेजनची पट्टी लावून बघू." अब्बांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. अम्मीचा असतो, "त्यात डुकराचं काही नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी ही पट्टी नेमकं काय करते ते समजून घेऊ, कारण अम्मीच्या प्रश्नाचा धागाही तिथेच आहे.

जखम झाकणं वेगळं आणि जखमेला आधार देणं वेगळं. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयातले डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांचे सहकारी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरत. 1985 साली त्यांनी त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. स्वस्तातला उपाय, आणि डोकं लावलेला. पण साल जखम ओलसर ठेवते, पट्टी चिकटू देत नाही. काम झालं की ती काढून टाकायची. कोलेजनची पट्टी मात्र शरीराच्या पेशींना आत शिरायला, वर चढायला जागा देते. इमारतीला रंग देताना बांबूची परांची बांधतात ना, तसंच. भिंत तयार होते आणि परांची हळूहळू विरघळून जाते.

आता या परांचीवर सगळ्यात आधी कोण चढतं? कातडीच्या पेशी नव्हेत, तर रोगप्रतिकारक पेशी. आधी न्यूट्रोफिल, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. सुरुवातीला हे मॅक्रोफेज लढाईच्या पवित्र्यात असतात. जंतू मारतात, मेलेला भाग साफ करतात, म्हणूनच सूज येते. काम झाल्यावर त्यांनी पवित्रा बदलून दुरुस्तीला लागायचं असतं, नव्या रक्तवाहिन्यांना बोलवायचं असतं. मधुमेहात गाडी इथेच अडते. पेशी लढतच राहतात आणि जखम उघडीच राहते.

गंमत म्हणजे पवित्रा कधी बदलायचा हे काही अंशी परांचीच्या बांधणीवर ठरतं. भरीव, गुळगुळीत वस्तू शरीरात ठेवली तर मॅक्रोफेज तिला खाऊ शकत नाहीत. मग ते एकमेकांत मिसळून मोठ्या पेशी बनतात आणि वस्तूभोवती व्रणासारखी जाड पिशवी तयार होते. तीच वस्तू छिद्रांची केली तर चित्र पालटतं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दिसून आलं की छिद्रं साधारण 30 ते 40 मायक्रॉनची असली, म्हणजे एखादा मॅक्रोफेज आत जेमतेम मावेल एवढी, तर व्रण कमी पडतो आणि रक्तवाहिन्या जास्त येतात. 2013 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मॅक्रोफेजना अरुंद पट्ट्यांवर लांबट व्हायला भाग पाडलं, तर ते दुरुस्तीकडे झुकले. औषध एक थेंब नाही, फक्त आकार! आणि प्राण्याच्या ऊतीपासून जाळी करताना जुन्या पेशी नीट धुतल्या गेल्या नाहीत, तर लढाई पुन्हा पेटते.

अशी जाळी निसर्गातही तयार मिळते. बाळाभोवतीच्या पिशवीचा आतला पापुद्रा, म्हणजे अ‍ॅम्निऑन. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून टिश्यू बँक आहे. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिला जाणारा हा पापुद्रा आईच्या संमतीनं आणि तिच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतला जातो, धुऊन, सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केला जातो, आणि भाजलेल्या किंवा न भरणाऱ्या जखमांवर लावला जातो.

आता अम्मीचा प्रश्न. कोलेजन गाय-म्हशीपासून येतं, माशापासून येतं आणि डुकरापासूनही येतं. कातडीसाठीची एक प्रसिद्ध जाळी, इंटिग्रा, गाईच्या कंडरेतलं कोलेजन आणि शार्कच्या कूर्चेतला पदार्थ वापरून बनवतात. 1995 साली कुवेतमध्ये भरलेल्या वैद्यकीय फिक्हच्या परिषदेनं जिलेटिनबद्दल इस्तिहालाचा, म्हणजे मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेल्याचा विचार मान्य केला होता. सगळ्या उलमांना तो पटलेला नाही. शिवाय माझ्या मते जाळीला तो सरळ लावता येत नाही: जिलेटिनमध्ये कोलेजनची मूळ वीण मोडते, इथे तर ती वीण जपणं हाच सगळा खटाटोप. त्यामुळे डुकराच्या जाळीचा मुद्दा जास्त करून जरूरतवर, दुसरा पर्याय आहे की नाही यावर येतो, आणि तो बहुतेक वेळा असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "ही कशापासून बनवलीय?" पाकिटावर बोवाइन म्हणजे गोवंश, पोर्साइन म्हणजे डुक्कर. निर्णय अवघड वाटला तर हे सगळं मुफ्तीसाहेबांपुढे ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर घाणेरड्या जखमेवर महागातली महाग जाळीही वाया जाते. आधी मेलेला भाग काढणं, पायात रक्त पोचतंय का ते तपासणं, साखर आटोक्यात आणणं आणि पायावरचा भार कमी करणं. यातलं काहीच न करता कुणी थेट पट्टी सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट आपल्याच घरांतली. वुजूसाठी पट्टी सोडून पाय धुणारे बुजुर्ग पुष्कळ. जाळी लावल्यावर पहिले काही दिवस पेशी तिच्यात रुजत असतात. तेव्हा ती हलली किंवा भिजली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. जखमेच्या पट्टीवर ओला हात फिरवून मसह करायची सवलत शरीयतमध्ये आहेच. तो हातही किती ओला चालेल, हे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारून घ्या.